‘फुल चोक घ्या, छर्रा कुठलाही चालतो’ म्हणणाऱ्यांसाठी

करवीरची ट्रॅपवाली
काल इथं एकानं लिहिलं, “बारा बोअर घ्यायची तर दोन्ही नळ्या फुल चोक घ्या. छर्रा कुठलाही घाला, लांब जातो.” खाली अंगठ्यांची रांग लागली. नवी पोरं हे वाचून बंदूक घेतात, म्हणून सविस्तर लिहिते.

चोकनं छर्रा लांब जात नाही. नळी तोंडाशी किंचित आवळलेली असते, त्यामुळं छऱ्यांचा झुबका उशिरा पसरतो, एवढंच. बारा बोअरची नळी आतून साधारण १८.५ मिमी. तोंडाशी पाव मिमी आवळली की इम्प्रूव्ड सिलिंडर, अर्धा मिमी आवळली की हाफ, ०.९ ते १ मिमी म्हणजे फुल. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात सरळ नळीचे (सिलिंडरचे) ४० टक्के छरे पडतात, हाफचे ६०, फुलचे ७०.

आता छर्रा. ९ नंबर २ मिमीचा, २४ ग्रॅमच्या काडतुसात जवळपास ५०० दाणे. साडेसात नंबर २.४ मिमी, तेवढ्याच वजनात ३०० च्या आसपास. उडत्या चकत्या फोडायचे दोन खेळ, स्कीट आणि ट्रॅप. स्कीटची चकती वीस मीटरच्या आसपास फुटते, तिथं ९ नंबर आणि जवळजवळ सरळ नळी. ट्रॅपची चकती आपल्यापासून दूर पळत असते, दुसरा बार पडेपर्यंत ती ४० मीटरकडे पोचते. तिथं दम असलेला साडेसात लागतो. पण दाणे कमी, म्हणून ते एकत्र ठेवायला घट्ट चोक. तिथंच ९ नंबर फुल चोकमधून मारा, वर्तुळ गच्च भरेल, पण चकतीवरची धूळ उडेल आणि चकती साबूत खाली येईल. अंतर आधी ठरवा, मग छर्रा, मग चोक.

उत्तरेश्वरचा अण्णा
ताई, हिशेब छान आहे. पण आमच्या घरात दुनळी तीन पिढ्या आहे, उजवी हाफ, डावी फुल, आणि वडिलांनी आयुष्यात मिमी मोजला नाही. दस्ता खांद्याला बसला पाहिजे, नळी चकतीच्या पुढं पळाली पाहिजे. अर्धे लोक चाप दाबताना हात थांबवतात आणि चुकले की चोक बदलतात. हाफ चोक आणि ७ नंबर, सगळं होतं. चोक बघायचाच तर तोंडात नाणं घाला, अडकलं तर फुल.

करवीरची ट्रॅपवाली
अण्णा, हात थांबवण्याबद्दल शंभर टक्के पटलं. नाण्याबद्दल अजिबात नाही. दोन नळ्या घ्या, दोन्हीचं तोंड १७.९ मिमी. एक आतून १८.४ आहे, दुसरी १८.८. पहिली हाफ, दुसरी फुल. नाणं दोन्हींत सारखंच अडकणार! चोक म्हणजे तोंडाचं माप नव्हे, आतल्या मापातून तोंडाचं माप वजा केल्यावर उरतं ते. स्क्रू चोकवरच्या, म्हणजे तोंडाशी फिरवून बसवायच्या सुट्या चोकनळीवरच्या, ताऱ्यांचंही तेच. जास्त तारे म्हणजे जास्त घट्ट समजून लोक पाच ताऱ्यांची नळी ट्रॅपला लावतात. एक तारा फुल, पाच तारे सिलिंडर.

राधानगरी रोड
तुमच्या चकत्या ऱ्हाऊ द्या बाजूला. आमच्याकडं बंदूक पीक राखायला हाय. गवा ऊसात शिरला की एका रात्रीत सरी आडवी. आणि निवडणूक लागली की पहिला हुकूम, बंदूक जमा करा! मागच्या खेपेला ठाण्यातनं परत आणली तर नळी आतनं तांबडी. तेलाचा थेंब नाही, गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात उभी. ह्या गंजाचा चोक कुठला, सांगा.

मंगळवार पेठ १२ बोअर
दादा, एकदम बरोबर बोललात. सरसकट जमा करा असा नियमच नाही, कुणाची घ्यायची ते छाननी समितीनं ठरवायचं असतं. प्रत्यक्षात फोन येतो, “घेऊन या.” नेमबाजाला स्पर्धेच्या तोंडावर महिनाभर बंदूक नाही म्हणजे काय होतं, विचारा.

उत्तरेश्वरचा अण्णा
पीक राखायला म्हणजे नक्की काय करता ते पण लिहा. गवा संरक्षित आहे, १९७२ चा कायदा आहे. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ पासूनचं. जनावर तुमच्या शेतात आलं की तुम्ही त्याच्या वाटेत आलात, हा प्रश्न आहे.

राधानगरी रोड
अण्णा, पेठेत बसून वाटंचं शहाणपण शिकवू नका. गव्यावर बार टाकला असं मी कुठं लिवलंय? हवेत एक आवाज काढतो, जनावर हलतं. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत ऊस वाळतो, त्यो कोण भरून देणार? तुमची तीन पिढ्यांची दुनळी कशावर चालली, तेबी लिवा की.

उत्तरेश्वरचा अण्णा
आजोबांच्या काळात कायदा वेगळा होता. वडिलांनी ७२ नंतर जनावरावर बार टाकलेला नाही. माझ्या घरावर बोलायचं काम नाही.

करवीरची ट्रॅपवाली
दोघेही थांबा जरा. दादा, पंचनाम्याचं दुखणं खरं आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, मीही लिहीन. पण गंजाचा मुद्दा इथलाच आहे. चोकच्या उतारावर गंज चढून खड्डे पडले की झुबका विसकटतो. बंदूकदुरुस्तीवाल्याकडून आतलं माप घ्या. आणि डाव्या नळीत काय घालता?

राधानगरी रोड
एलजी. डावी घट्ट म्हणून.

मंगळवार पेठ १२ बोअर
दादा, ते बंद करा. एलजीचा दाणा ९ मिमीचा, बारा बोअरमध्ये एका थरात जेमतेम दोन बसतात. फुल चोकमध्ये आवळताना ते एकमेकांवर चेपतात, चपटे होतात, मग झुबका उलट फाकतो. आणि अखंड गोळी तर घट्ट नळीत घालूच नका. माझ्या चुलत्यांकडं जुनी इंग्लिश दुनळी होती. नळ्या उतरवल्या की खालच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘नॉट फॉर बॉल’ कोरलेलं. कुणीतरी न वाचता गोळीचं काडतूस घातलं. तोंडापासून दोन बोटं आत आजही फुगवटा आहे, उन्हात तिरकी धरली की आत काळी कडी दिसते. एकोणिसाव्या शतकात चोक नवा होता तेव्हाच हा इशारा ठोकत होते.

राधानगरी रोड
आमच्या नळीवर असलं काय लिवलेलं नाही. पण बरं, बघतो उतरवून.

करवीरची ट्रॅपवाली
बघाच. आणि सगळ्यांनाच सांगते, शिक्क्यावर जाऊ नका, कागदावर मारा. रेंजवर ४० यार्डांवर मोठा कोरा कागद लावा, मधे एक ठिपका. बार टाकल्यावर जिथं छरे दाट तिथं ३० इंची वर्तुळ आखा आणि भोकं मोजा. एकाच बारावर ठरवू नका, त्याच काडतुसाचे अनेक कागद लागतात. शिसं मऊ असेल तर बारीक दाणे चेपून बाहेर भरकटतात. अँटिमनी घातलेला कडक छर्रा आणि प्लास्टिकच्या वाटीची वॅड (छऱ्याखालचं बूच) असेल तर हाफ लिहिलेली नळी फुलसारखी मारते. म्हणून काडतूस बदललं की कागद नवा.

उत्तरेश्वरचा अण्णा
कागद लावून बघितला. तुमच्या मापानं माझी ‘हाफ’ उजवी कडक छऱ्याला ६० च्या बरीच वर जाते. दुसऱ्या बाराला, लांबच्या चकतीला, घट्ट चोक आणि साडेसात, हे मान्य. पहिल्या बाराला मी हाफच वापरणार, आणि ७ नंबरच.