कॅम्प हम्फ्रीजजवळ (प्योंगतेक) चांगलं कोरियन बार्बेक्यू कसं शोधायचं?

सायली_आर
नवऱ्याची नेमणूक दक्षिण कोरियातल्या कॅम्प हम्फ्रीज या अमेरिकी लष्करी तळावर झाली आहे, घर आनजोंग-रीच्या गेटजवळ. गेटसमोर इंग्रजी पाट्यांची बरीच हॉटेलं आहेत आणि गूगल मॅपवरही तीच तीच नावं येतात. कोरियन लोक स्वतः जिथे मांस भाजून खायला जातात, तशी जागा कशी ओळखायची? आम्ही बीफ खात नाही, पोर्क आणि चिकन चालतं. दोघांचं बिल साधारण किती होईल? गाडी नाही.

गिरीश_सुवॉन
आधी नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप ही कोरियन नकाशा-ॲप घ्या. कोरियाने सविस्तर नकाशे देशाबाहेर नेण्यावर वर्षानुवर्षं निर्बंध ठेवले, त्यामुळे तिथे गूगल मॅप कच्चा राहिला. नेव्हर इंग्रजीत चालतं, पण शोध कोरियन लिपीतच घ्या; शब्द पापागो या भाषांतराच्या ॲपमधून कॉपी करता येतात. ‘कोरियन बार्बेक्यू’ असं शोधलंत तर परदेशी गिऱ्हाइकांसाठी थाटलेली हॉटेलंच वर येतील. त्याऐवजी मांसाच्या भागाचं नाव टाका: सामग्योप्सल (पोर्कचा पोटाकडचा चरबीदार भाग), मोकसल (मानेचा, कमी चरबीचा), त्वेजी-गाल्बी (मसाल्यात मुरवलेल्या पोर्क रिब्ज). कोळशावरचं हवं असेल तर सोबत ‘सुतबुल’.

नेव्हरवर दोन प्रकारचे अभिप्राय असतात. ब्लॉगवरचे पुष्कळदा फुकट जेवणाच्या बदल्यात लिहिलेले असतात. तशी नोंद पोस्टच्या सुरुवातीला किंवा शेवटी सापडते. भेट दिलेल्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय बिलाच्या पावतीवर किंवा बुकिंगवर आधारलेले असतात, ते वाचा. त्यातही फोटो बघा: कच्च्या मांसाची जाडी आणि शेगडी कोणती, हे दोन्ही तिथे दिसतं.

आनजोंग-री पायी जायला सोयीचं, पण निवड तोकडी. बिजोन-दोंगमधला सोसाब्योल भाग आणि प्योंगतेक स्टेशनचा परिसर बघा. काकाओ टी ॲपवरून टॅक्सी मिळते. सोंगतानची नावं दिसली तर लक्षात घ्या, ते ओसान हवाई तळाचं गेट आहे; शहर एकच असलं तरी तुमच्यापासून लांब.

मीनल_के
बिलाचं सांगते. फलकावरची किंमत एका ‘इन्बुन’ची, म्हणजे एका माणसाच्या वाट्याची असते. हा वाटा कुठे 150 ग्रॅम, कुठे 180, कुठे 200. पहिली ऑर्डर बहुतेक ठिकाणी किमान दोन वाट्यांची. म्हणून नेहमी 100 ग्रॅमचा दर बघा. समजा एकीकडे 150 ग्रॅम 14,000 वॉनला आणि शेजारी 180 ग्रॅम 16,000 ला आहे. पहिलं स्वस्त वाटतं, पण 100 ग्रॅमला ते सुमारे 9,300 पडतं आणि दुसरं 8,900. मांसाच्या हॉटेलांनी 100 ग्रॅमचा दर आणि करासकट किंमत लावायची, असा नियम 2013 पासून आहे. टिप द्यायची नसते. सोलमध्ये 200 ग्रॅम सामग्योप्सलचा सरासरी दर 2024 मध्ये 20,000 वॉनच्या पुढे गेला, तो अंदाजाला धरा. दोघांना 150-180 ग्रॅमचे तीन वाटे, एक रस्सा आणि भात म्हटलं तर साधारण 60,000 वॉन.

भिंतीवर मांस कोणत्या देशाचं याचा तक्ता असतो. ‘गुकनेसान’ म्हणजे देशी. देशी पोर्क आणि आयात पोर्क यांच्या दरात फरक हवाच. आयात मांस देशीच्या भावात विकत असतील तर दुसरीकडे जा. ‘मुहान रिफिल’ म्हणजे ठरावीक पैशात हवं तेवढं. तिथे मांस बहुधा आयात आणि गोठवलेलं असतं. भूक मोठी असेल तर ठीक, चवीसाठी जाऊ नका.

अनघा_पी
बीफ नको असेल तर शेगडीपेक्षा बाजूच्या पदार्थांकडे जास्त लक्ष द्या. त्वेन्जांग-जिगे या सोयाबीनच्या रश्श्यात अनेक ठिकाणी चादोल, म्हणजे बीफचे पातळ काप, असतात. थंड नेंगम्योन नूडल्सचं पाणी बहुधा बीफच्या हाडा-मांसाचं. ऑर्डर देतानाच ‘सोगोगी प्पेजुसेयो’ (बीफ काढून द्या) म्हणा. नेंगम्योनला मात्र त्याचा उपयोग नाही, कारण बीफ रश्श्यातच उतरलेलं असतं. फलकावर नुसतं ‘गाल्बी’ असेल तर विचारून घ्या, ती बीफची असू शकते. चिकनसाठी ‘सुतबुल-ताकगाल्बी’ शोधा. नुसतं ‘ताकगाल्बी’ म्हटलं तर कोबी आणि तांदळाच्या केकसोबत तव्यावर परतलेलं चिकन येतं. तेही छान, पण ते बार्बेक्यू नव्हे. कोळंबीची ॲलर्जी असेल तर किमचीपासून (आंबवलेली तिखट कोबी) जपा, तिच्यात खारवलेली लहान कोळंबी घालतात.

गिरीश_सुवॉन
भाजण्याबद्दल राहिलंच. साधं मांस आधी मागवा, मुरवलेलं नंतर. मुरवणात साखर असते, ती करपून जाळीला चिकटते आणि मग पुढचा प्रत्येक तुकडा कडवट लागतो. जाळी काळी झाली की ‘बुलपान बाक्वोजुसेयो’ म्हणा, बदलून देतात. जाड सामग्योप्सल एका बाजूने सोनेरी होईपर्यंत हलवू नका. उलटून दुसरी बाजू झाली की कात्रीने बोटभर रुंदीचे तुकडे करा आणि कापलेल्या कडा भाजा. त्वेजी-गाल्बी मात्र सतत उलटत राहायची. कोळशावर चरबी ठिबकून जाळ उठला तर मांस कडेला सरकवा. तिरक्या तव्यावर किमची उताराच्या बाजूला ठेवा, म्हणजे ओघळणाऱ्या चरबीत ती परतली जाते.

दुपारी 3 ते 5 अनेक ठिकाणी बंद असतं. गर्दीच्या जागी दारातल्या यंत्रावर कोरियन मोबाइल नंबर टाकून रांगेत नाव लावतात, तेव्हा सिमकार्ड आधी घ्या. आणि अमेरिकी सैन्याने मनाई केलेल्या हॉटेल-बारची यादी वेळोवेळी निघते. नवीन जागी जाण्याआधी नवऱ्याला ती बघायला सांगा.