तक्रार-नोंदणीचा फॉर्म पाठवला जात नाही : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

बी-४०२ (विद्यार्थिनी)
सर्वांना नमस्कार. आपल्या तक्रारवहीला पर्याय म्हणून मी जँगोमध्ये (पायथनमध्ये संकेतस्थळे बनवण्याचे साधन) जो फॉर्म तयार करत आहे, त्याची लिंक मी काल ग्रुपवर दिली होती. सोसायटीच्या कार्यालयात माझ्या लॅपटॉपवर आपण नोंदी करून पाहिल्या, तेव्हा तो व्यवस्थित चालत होता. त्यानंतर फॉर्म नेटका दिसावा म्हणून मी त्याचे एचटीएमएल स्वतः लिहिले आणि फोटोचा एक रकाना वाढवला. टनेलच्या (माझ्या लॅपटॉपवरचा सर्व्हर इंटरनेटवरून उघडू देणाऱ्या सेवेच्या) लिंकवरून रहिवाशांनी मोबाइलवर तक्रार भरली, तेव्हा ४०३ क्रमांकाची त्रुटी येऊ लागली. इंटरनेटवर सापडलेल्या सल्ल्यानुसार मी व्ह्यूवर (आलेली विनंती हाताळणाऱ्या फंक्शनवर) ‘सीएसआरएफ एक्झेम्प्ट’ हा डेकोरेटर, म्हणजे बनावट विनंत्या रोखणारी सीएसआरएफ तपासणी वगळणारी खूण, लावला आणि ४०३ गेली. परंतु आता ‘पाठवा’ दाबल्यावर कोणताही संदेश न येता रिकामा फॉर्म पुन्हा समोर येतो आणि डेटाबेसमध्ये काहीच नोंदवले जात नाही. ग्रुपमध्ये या क्षेत्रातील जाणकार आहेत, म्हणून येथेच विचारत आहे.

ए-१०३ (सचिव)
फॉर्म सोसायटीसाठीच आहे, त्यामुळे चर्चा येथे करण्यास हरकत नाही. फॉर्म पूर्ण तयार होईपर्यंत गेटवरची वही चालू राहील, याची सर्वांनी नोंद घ्यावी.

ए-७०१
सर्वप्रथम तो एक्झेम्प्टचा डेकोरेटर काढून टाक. त्याने अडचण सुटलेली नाही, फक्त तपासणी बंद झाली आहे. डीबग चालू असताना ४०३ च्या पानावर ‘रीझन गिव्हन फॉर फेल्युअर’ या शीर्षकाखाली एक ओळ छापलेली असते. ती ओळ नेमकी काय होती, ते सांगशील का? माझा अनुभव असा आहे की नवशिके ४०३ हा आकडा पाहूनच शोधाशोध सुरू करतात आणि जे कारण जँगोने स्वतः लिहून दिलेले असते, ते वाचायचे राहून जाते.

बी-४०२ (विद्यार्थिनी)
दादा, त्या ओळीत ‘ओरिजिन चेकिंग फेल्ड’ असे लिहून पुढे टनेलचा पत्ता दिला होता आणि तो कोणत्याही विश्वसनीय ओरिजिनशी जुळत नाही, असे म्हटले होते. टेम्प्लेटमध्ये (पानाच्या एचटीएमएल साच्यात) फॉर्मच्या आत सीएसआरएफ टोकनचा टॅग आहे, हे मी पुन्हा तपासले.

ए-७०१
मग टॅगचा प्रश्नच नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या जँगो ४.० पासून टोकनच्या जोडीला ब्राउझरने पाठवलेले ओरिजिन हेडरही (विनंती कोणत्या पत्त्याच्या पानावरून आली, हे सांगणारी नोंद) तपासले जाते. टनेलचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतो, पण टनेलमधून तुझ्या लॅपटॉपवरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचणारी विनंती साधी एचटीटीपी असते. त्यामुळे जँगोच्या दृष्टीने ब्राउझर सांगतो तो पत्ता आणि प्रत्यक्ष आलेला पत्ता वेगळे ठरतात. सेटिंग्जमधील ‘सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स’ या यादीत टनेलचा पूर्ण पत्ता लिही, आणि तो एचटीटीपीएससह लिही. ४.० पूर्वी तेथे नुसते डोमेन चालत असे, त्यामुळे जुन्या उत्तरांत तसेच दिलेले आढळेल. आता ते चालत नाही.

सी-१०२
मी निवृत्त माणूस आहे, तरी एक शंका विचारतो. या फॉर्ममध्ये बँकेचा व्यवहार नाही, मग ही टोकनची तपासणी कशासाठी हवी?

ए-७०१
काका, शंका रास्त आहे. उद्या या फॉर्मला लॉगिन जोडले जाईल. तुम्ही लॉगिन केलेले असताना त्याच ब्राउझरमध्ये दुसरे एखादे लबाड संकेतस्थळ उघडलेत, तर ते संकेतस्थळ तुमच्या नकळत तुमच्याच नावाने येथे फॉर्म पाठवू शकते, कारण आपल्या साइटची कुकी ब्राउझर आपोआप सोबत पाठवण्याची शक्यता असते. फॉर्ममधील लपलेले टोकन मात्र त्या परक्या संकेतस्थळाला वाचता येत नाही, त्यामुळे बनावट विनंती ओळखू येते. शेजाऱ्याविरुद्धची तक्रार तुमच्या नावावर नोंदवली गेलेली तुम्हाला आवडणार नाही.

सी-१०२
समजले. आपल्या मजल्यावर तर मुळीच आवडणार नाही.

ए-७०१
आता रिकाम्या फॉर्मविषयी. तुझ्या व्ह्यूमध्ये विनंती पोस्ट (भरलेली माहिती पाठवणारी) असेल तर काय होते आणि फॉर्म वैध नसेल तर पुढे काय होते, ते क्रमाने लिही.

बी-४०२ (विद्यार्थिनी)
विनंती पोस्ट असेल, तर ‘रिक्वेस्ट डॉट पोस्ट’ देऊन फॉर्म तयार होतो; त्यानंतर ‘इज व्हॅलिड’ खरे आले, तर तो सेव्ह होतो आणि त्याच व्ह्यूमधून आभाराचे पान दाखवले जाते. या सगळ्याच्या बाहेर, शेवटी, एक नवा रिकामा फॉर्म तयार करून तो टेम्प्लेटला दिला आहे.

ए-७०१
तो शेवटचा नवा फॉर्म हेच मौनाचे कारण आहे. रहिवाशाने भरलेली माहिती ज्या फॉर्मला दिली होती, त्याच फॉर्मवर ‘इज व्हॅलिड’ने तपासणी केली, चुका शोधल्या आणि त्या त्याच्या ‘एरर्स’मध्ये लिहूनही ठेवल्या. त्यानंतर तू तो फॉर्म बाजूला सारून कोरा फॉर्म टेम्प्लेटला देतेस. कोऱ्या फॉर्मला कोणतीही माहिती दिलेली नसल्याने त्याच्याकडे सांगण्यासारखी चूकही नसते. नवा फॉर्म केवळ ‘एल्स’मध्ये, म्हणजे पान पहिल्यांदा उघडताना तयार व्हावा, आणि शेवटची रेंडरची ओळ दोन्ही प्रसंगांत ‘फॉर्म’ या एकाच नावाने चालावी. ती ओळ चुकून ‘इफ’च्या आत सरकली, तर व्ह्यूने एचटीटीपी रिस्पॉन्सऐवजी ‘नन’ (काहीच नाही) परत केले, अशी व्हॅल्यू एरर येईल. तसे झाल्यास घाबरू नकोस, तो केवळ इंडेंटेशनचा दोष असतो.

तू एचटीएमएल स्वतः लिहिले आहेस, त्यामुळे आणखी एक गोष्ट करावी लागेल. ‘अ‍ॅज पी’ वापरून फॉर्म छापला, की प्रत्येक रकान्याची चूक आपोआप छापली जाते. हाताने लिहिलेल्या फॉर्ममध्ये प्रत्येक रकान्यापाशी त्याचे ‘एरर्स’ आणि सर्वांत वर ‘नॉन फील्ड एरर्स’ आपणच छापावे लागतात. ते होईपर्यंत ‘इज व्हॅलिड’ खोटे आल्यावर ‘फॉर्म डॉट एरर्स’ टर्मिनलवर प्रिंट कर आणि काय दिसते ते येथे लिही.

बी-४०२ (विद्यार्थिनी)
प्रिंट केले. फ्लॅट क्रमांकाखाली आणि फोटोखाली ‘धिस फील्ड इज रिक्वायर्ड’, तर तारखेखाली ‘एन्टर अ व्हॅलिड डेट’ असे आले. मात्र फ्लॅट क्रमांक आणि फोटो मी दोन्ही दिले होते. तारीख २५/०२/२०२४ अशी लिहिली होती.

डी-३०५
मी टेस्टिंगचे काम करते, म्हणून फ्लॅट क्रमांकाविषयी सांगते. तुझ्या पानाचा सोर्स उघडून पाहिला. फ्लॅटच्या इनपुटला ‘आयडी’ आहे, पण ‘नेम’ नाही. ब्राउझर फॉर्म पाठवताना केवळ ‘नेम’ असलेले रकाने पाठवतो. आयडी हा लेबल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यांच्या उपयोगाचा असतो. त्यामुळे रहिवाशाने रकाना भरला, तरी सर्व्हरपर्यंत तो पोहोचतच नाही. ते ‘नेम’ फॉर्मच्या क्लासमधील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. इनपुट हाताने लिहिण्यापेक्षा जँगोलाच तो रकाना छापू देणे आणि भोवतीची मांडणी तेवढी आपण करणे मला अधिक सुरक्षित वाटते.

ए-७०१
सहमत आहे. फोटोचे कारण वेगळे आहे आणि त्याला दोन बाजू आहेत. फॉर्मच्या टॅगवर ‘मल्टिपार्ट फॉर्म-डेटा’ हा एन्कटाइप (माहिती पाठवण्याची पद्धत) नसेल, तर ब्राउझर फोटोऐवजी केवळ फाइलचे नाव पाठवतो. आणि एन्कटाइप असूनही व्ह्यूमध्ये ‘रिक्वेस्ट डॉट पोस्ट’च्या पाठोपाठ ‘रिक्वेस्ट डॉट फाइल्स’ दिले नाही, तर आलेला फोटो फॉर्मपर्यंत जात नाही. तुझा रकाना अनिवार्य होता म्हणून निदान तक्रार तरी झाली. तो ऐच्छिक असता, तर फॉर्म वैध ठरला असता, नोंद झाली असती आणि फोटो मात्र कोठेच नसता.

ए-१०३ (सचिव)
तारखेबाबत माझेही एक निरीक्षण आहे. कार्यालयात चाचणी करताना मी डी विंगच्या गच्चीतील गळतीची तारीख ०५/०३/२०२४ अशी भरली होती आणि ती स्वीकारली गेली. अ‍ॅडमिनच्या यादीत मात्र ती ३ मे दिसते. वहीत तीच नोंद ५ मार्चची आहे.

ए-७०१
सचिव साहेब, आतापर्यंतची सर्वांत महत्त्वाची त्रुटी तुम्ही दाखवलीत. जँगोचा नवा प्रकल्प तयार होतो, तेव्हा त्याची भाषा अमेरिकी इंग्रजी असते आणि तिरक्या रेघांच्या तारखेत त्या पद्धतीने महिना आधी येतो. २५/०२ मध्ये पंचविसावा महिना नसल्याने तारीख नाकारली गेली, ते ठीकच झाले. परंतु ज्या तारखेतील दिवस बारा किंवा त्याहून कमी आहे, ती नाकारली जात नाही. दिवस आणि महिना अदलाबदल होऊन मुकाट्याने डेटाबेसमध्ये बसतात. नाकारलेल्या तारखेपेक्षा ही चुकीची स्वीकारलेली तारीख अधिक घातक आहे, कारण कंत्राटदाराने गळती किती दिवसांत दुरुस्त केली, हा हिशेब तिच्यावरच चालणार आहे.

माझा सल्ला असा, की फॉर्मच्या क्लासमध्ये त्या रकान्याच्या ‘इनपुट फॉरमॅट्स’मध्ये दिवस-महिना-वर्ष हा क्रम स्पष्ट लिहावा. यादीत तोच एक क्रम ठेवला, की अमेरिकी वाचन पूर्णपणे बंद होते.

डी-३०५
मी येथे वेगळे मत मांडते. मोकळ्या रकान्यात कोणी २५.२.२४ लिहील, कोणी २५ फेब्रुवारी लिहील; तुम्ही किती क्रम यादीत घालणार? त्यापेक्षा इनपुटचा प्रकारच ‘डेट’ करावा. मोबाइलवर कॅलेंडर उघडते, आणि पडद्यावर तारीख कोणत्याही क्रमाने दिसली, तरी ब्राउझर ती सर्व्हरकडे वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने पाठवतो, जो अर्थ लावण्यात गोंधळ होण्यासारखा नाही.

सी-१०२
कॅलेंडरमध्ये बोटाने तारीख शोधणे मला जड जाते, हे नम्रपणे नमूद करतो.

ए-७०१
काका, गळतीची तारीख बहुधा याच महिन्यातील असेल, त्यामुळे फार मागे जावे लागणार नाही. जन्मतारखेच्या रकान्याला मी कॅलेंडर कधीच दिले नसते. येथे ताईंचे म्हणणे मला पटते. फक्त तसे करताना ‘इनपुट फॉरमॅट्स’ पुन्हा वर्ष-महिना-दिवस ठेवावे लागतील, आणि विजेटचा (रकान्याची चौकट छापणाऱ्या भागाचा) ‘फॉरमॅट’ही तोच द्यावा लागेल. अन्यथा चूक दाखवण्यासाठी फॉर्म परत आला किंवा जुनी तक्रार दुरुस्तीसाठी उघडली, तर तारखेची चौकट रिकामी दिसण्याचा धोका आहे, कारण ब्राउझर त्या चौकटीत दुसरा कोणताही क्रम मान्य करत नाही.

सी-१०२
आणखी एक. मी कार्यालयात मोबाइल क्रमांक मराठी आकड्यांत लिहिला होता आणि तो स्वीकारला गेला. हे मला आवडले. पण ते योग्य आहे का?

डी-३०५
काका, असे घडते हे टेस्टिंगमध्येही बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्या रकान्यावर ‘दहा अंक’ तपासणारा रेजेक्स (अक्षरांचा नमुना) आहे, आणि पायथनमध्ये ‘बॅकस्लॅश डी’ म्हणजे केवळ इंग्रजी अंक नव्हेत, तर देवनागरीसह इतर लिप्यांतील अंकही त्यात येतात. म्हणून तुमचा क्रमांक वैध ठरला आणि रकाना अक्षरांचा असल्याने देवनागरीतच साठवला गेला. पुढे कोणी तोच क्रमांक इंग्रजी आकड्यांत शोधला, तर तो सापडणार नाही. तुमच्यासारख्यांना अडवण्याऐवजी ‘क्लीन मोबाइल’ या पद्धतीत देवनागरी अंक बदलून घ्यावेत, असे मला वाटते. फक्त त्या पद्धतीच्या शेवटी बदललेला क्रमांक ‘रिटर्न’ करण्यास विसरू नकोस. विसरलीस, तर शुद्ध केलेल्या माहितीत क्रमांकाच्या जागी ‘नन’ येईल आणि क्रमांक साठवला जाणार नाही.

बी-४०२ (विद्यार्थिनी)
ताई, मोबाइलचा रकाना इंटिजर करू का? मग हा प्रश्न आपोआप सुटेल, असे वाटले.

डी-३०५
नको. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये साध्या इंटिजर रकान्याची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आहे, आणि आपल्याकडील मोबाइल क्रमांक ६ ते ९ ने सुरू होतात. म्हणजे दहा अंकी प्रत्येक क्रमांक त्या मर्यादेबाहेर जातो. लॅपटॉपवरच्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ही अडचण दिसणार नाही, पोस्टग्रेसवर गेल्यावर दिसेल. ज्या क्रमांकाची आपण बेरीज करत नाही, तो अक्षरांच्या रकान्यातच ठेवावा.

ए-१०३ (सचिव)
लिफ्टच्या आवाजाची माझी एकच तक्रार यादीत तीन वेळा दिसते, तेही पाहावे.

ए-७०१
तुम्ही आभाराचे पान रिफ्रेश केले असणार. सेव्ह झाल्यावर त्याच व्ह्यूमधून पान दाखवले, तर ब्राउझरच्या लेखी ती अजून पोस्ट विनंतीच असते, आणि रिफ्रेश करताना तो तीच माहिती पुन्हा पाठवतो. सेव्हनंतर ‘रीडायरेक्ट’ करून आभाराचे पान स्वतंत्र पत्त्यावर ठेवले, की हे थांबते. ‘पाठवा’ बटण दोनदा दाबल्यामुळे होणारी पुनरावृत्ती त्याने थांबणार नाही, तो विषय वेगळा आहे.

बी-४०२ (विद्यार्थिनी)
एक्झेम्प्ट काढला, ट्रस्टेड ओरिजिन्समध्ये पत्ता घातला, ‘नेम’, एन्कटाइप आणि रीडायरेक्ट दुरुस्त केले. वडिलांच्या मोबाइलवरून फोटोसह तक्रार नोंदवली गेली, आणि फ्लॅट क्रमांक मुद्दाम रिकामा सोडल्यावर त्या रकान्याखाली चूकही दिसली. देवनागरी अंकांचे काम आज रात्री करते. लिफ्टच्या दोन जादा नोंदी अ‍ॅडमिनमधून काढून टाकू का?

ए-७०१
त्या काढ. पण जुन्या चाचणीतील तारखा अंदाजाने उलटवू नकोस. आज ज्या बरोबर दिसतात, त्यांतही अदलाबदल झालेल्या असू शकतात.

ए-१०३ (सचिव)
संध्याकाळी सात वाजता कार्यालयात ये. वही समोर ठेवून प्रत्येक तारीख ताडून पाहू.