मदत हवी आहे : १९६४ सालच्या बंगल्याचा दर्शनी भाग मूळ रूपात कसा दुरुस्त करावा?

नमस्कार. जळगावातील आमचा बंगला आजोबांनी १९६४ साली बांधला. सपाट स्लॅब, लांब आडवे छज्जे, जिन्याला सिमेंटची जाळी आणि पुढच्या भिंतीवर खडीचे धुतलेले प्लास्टर (वरचे सिमेंट धुऊन खडी उघडी ठेवलेले), असे त्या काळचे साधे, सरळ रेषांचे रूप त्याला आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा हेच छज्जे आणि हीच जाळी घर सुसह्य ठेवतात; म्हणून ती काढण्यास माझे मन धजत नाही.

अडचण अशी की, छज्ज्यांच्या खालून काँक्रीटचे पोपडे सुटले असून आतील सळया गंजल्या आहेत. ठेकेदार सारा दर्शनी भाग अॅल्युमिनियमच्या पॅनेलनी झाकण्याचा आग्रह धरतात. परंतु गंज चढलेली सळई फुगून आजूबाजूचे काँक्रीट फोडत राहते, त्यामुळे दोष फक्त नजरेआड होईल.

सळया घासून, गंजरोधक लेप देऊन पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याने) दुरुस्ती करणारे अनुभवी कारागीर जळगाव, भुसावळ वा धुळे परिसरात आपणांपैकी कोणास ठाऊक आहेत का? जाळीचे तुटलेले ठोकळे जुन्या नमुन्यावरून साचा करून कोणी ओतून देते का? खडीच्या प्लास्टरवर मात्र रंग नको, असे घरात सर्वांचेच मत आहे. ते इजा न होता स्वच्छ कसे करावे, हेही कृपया सांगावे.