सातबारा सामाईक, मोठा भाऊ सही देत नाही. वाटप कसं करायचं?

शेतवाट:
नमस्कार. बागायत गट एकच, ३ एकर २० गुंठे, त्यात विहीर. जमीन आजोबांची. ते १९७८ मध्ये वारले, मग वडिलांचं नाव लागलं. वडील २०१९ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. आई, दोन भाऊ आणि बहीण अशी वारसनोंद झाली आहे. मोठा भाऊ कसतो, वाटपाला सही देत नाही. बहीण हक्कसोड द्यायला तयार आहे. सहीशिवाय तहसीलमधून वाटप होतं का? गावठाणातल्या घरातला आपला हिस्सा तो बाहेरच्या माणसाला विकायचं म्हणतोय, ते अडवता येईल का?

हिस्सेदार:
आधी हिस्से. हिंदू वारसा कायदा लागू आहे असं धरतो. जमीन वडिलोपार्जित धरा किंवा वडिलांची स्वतंत्र, तुमच्या घरात दोन्ही हिशेबांनी आई आणि तीन भावंडांना प्रत्येकी १/४ येतो, म्हणजे १४० पैकी ३५ गुंठे. बहिणीचं लग्न कधी झालं याने फरक पडत नाही.

पण १९७८ चा फेरफार आजच काढा. वडिलांना बहिणी होत्या का? १९५६ नंतर वारलेल्या माणसाच्या मुली वारस असतात, तरी त्या काळी बऱ्याच ठिकाणी फक्त मुलांची नावं लागली. आत्या राहून गेल्या असतील तर वरचा हिशेब बदलतो. नाव लागलं नाही म्हणून हक्क जात नाही. फेरफार ही महसुलासाठीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. आत्या हयात नसतील तर त्यांची मुलं पुढे येतात, आणि त्यांना वगळून केलेलं वाटप पुढे मोडतं.

पोटहिस्सा:
तहसीलबद्दल. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे कोणताही एक सहधारक वाटपाचा अर्ज करू शकतो. सगळ्यांच्या सह्या हव्यातच असं कलमात नाही. मात्र सुनावणीत भावाने मालकीचाच वाद काढला, तर दिवाणी न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत वाटप करता येत नाही. म्हणून प्रत्यक्षात संमती असेल तरच ही प्रकरणं सुरळीत जातात. अर्ज तरी करा, निदान त्याची हरकत नेमकी काय आहे ते लेखी येईल.

तुकडेबंदीची अडचण दिसत नाही. बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला किमान १० गुंठे लागतात, तुमचा हिस्सा ३५ चा आहे.

लोक चुकतात ते आदेशानंतर. फेरफार झाला की काम संपलं असं समजतात. भूमी अभिलेखकडून पोटहिस्सा मोजणी, मग आकारफोड (हिश्शांप्रमाणे शेतसाऱ्याची विभागणी), मग स्वतंत्र सातबारा, इथपर्यंत जायलाच हवं. नाहीतर कागदावर ३५ गुंठे दिसतात, पण ते विहिरीकडचे की रस्त्याकडचे हे कुठेच नसतं, आणि बांधावर भांडण उभं राहतं. वाटप तक्त्यात प्रत्येकाच्या चतुःसीमा, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, मोटारीचं वीज कनेक्शन आणि मागच्या हिश्शाला जायची वाट किती फूट, हे सगळं लिहून घ्या. वाट लिहायची राहिली तर मागचा हिस्सा अडकलाच.

दिवाणीकर:
मोठा भाऊ अडलाच तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा. त्यात सगळे सहहिस्सेदार आणि सगळ्या सामाईक मिळकती घाला, घरसुद्धा. फक्त शेताचा दावा लावला तर अर्धवट वाटपाची हरकत येते. आधी प्राथमिक हुकूमनाम्यात हिस्से ठरतात; शेताची प्रत्यक्ष फोड दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, घरासाठी कोर्ट कमिशनर जातो.

दावा दाखल झाला की त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रात ही नोंदणी नसेल तर दावा चालू असताना घेणाऱ्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ लावता येत नाही, म्हणजे निकाल त्याच्यावर बंधनकारक धरता येत नाही. हे फार जण विसरतात.

घराचं: भाऊ स्वतःचा अविभक्त हिस्सा विकू शकतो, पण राहत्या घरात बाहेरच्या खरेदीदाराला त्याच कायद्याच्या कलम ४४ मुळे तुमच्याबरोबर ताबा मागता येत नाही. त्या खरेदीदाराने वाटपाचा दावा लावला तर विभाजन अधिनियम १८९३ च्या कलम ४ खाली तो हिस्सा न्यायालय ठरवेल त्या किमतीला तुम्ही घेऊ शकता. विक्रीआधीच वारसा कायद्याच्या कलम २२ मधला अग्रहक्क (हिस्सा आधी आपण विकत घ्यायचा हक्क) सांगणारी नोटीस वकिलामार्फत पाठवा.

शेतवाट:
आभार. आत्या एकच, हयात आहेत; फेरफार काढतो. बहिणीने हक्कसोड आत्ताच द्यावं का?

हिस्सेदार:
आत्यांचा हिशेब लागल्यावर. दस्त नोंदणीकृतच हवा, नोटरीचा चालत नाही. कोणाच्या लाभात ते नावानिशी लिहा. वरचेच हिस्से राहिले तर तुमच्या एकट्याच्या नावे सोडल्यास तुमचे ७० गुंठे होतात. उरलेल्या तिघांच्या लाभात सोडल्यास प्रत्येकी साधारण ४६.६७, म्हणजे मोठ्या भावालाही वाटा जातो. गट नंबर आणि घराचा मिळकत नंबर दोन्ही घाला, नाहीतर बहीण घरात हिस्सेदार राहतेच. आणि तिला मोबदला देणार असाल तर विनामोबदला लिहू नका. मुद्रांक शुल्क वाढेल, पण खोटा मजकूर पुढे तिच्याही अंगाशी येतो आणि तुमच्याही.