नव्या अभ्यासिकेला आपल्या हवालदाराचं नाव द्यावं का?

गिरणाकाठ:

आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेची नवी अभ्यासिका बांधून तयार आहे. खाली वाचनालय, वर स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी मोठी खोली. नाव ठरलेलं नाही, पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव येणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. तिथे आपल्या हवालदाराचं नाव लागलं पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या पावसाळ्यात सुरत-नागपूर महामार्गावर, म्हणजे जुन्या ६ नंबर हायवेवर, रात्री नाकाबंदी होती. एका ट्रकने मोटारसायकलवाल्याला उडवलं आणि तो तसाच पळाला. वायरलेसवर निरोप आला. आमच्या शेजारच्या गावचा हा हवालदार बॅरिकेड ओढून रस्त्यात उभा राहिला. ट्रक थांबला नाही. ड्रायव्हर पुढे काही अंतरावर सापडला, पण आमचा माणूस गेला. इथे त्याचं नाव लिहीत नाही, घरच्यांना न विचारता लिहू नये असं वाटतं.

पोलीस ठाण्याला किंवा चौकाला नाव द्या असं काही जण सुचवतात. मला अभ्यासिकाच हवी. तो रजेवर आला की पहाटे साडेचारला पाटाच्या रस्त्यावर हातात घड्याळ घेऊन उभा असायचा. भरतीची पोरं पळायची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, मग गोळाफेक. कोणाचा पाय चुकतो, कोणाचा दम कुठे तुटतो, हे तो एकेकाला बाजूला घेऊन सांगायचा. माझा पुतण्या त्याच्यामुळे खाकीत गेला. मैदान झालं की तो पोरांना दटावायचा, "पळून ५० मार्क मिळतील, लेखीचे १०० कोण आणणार? बसा आता." ही पोरं उद्या ज्या खोलीत बसणार, तिच्या दारावर दुसऱ्या कोणाचं नाव मला सुचत नाही.

अमळनेरचा मास्तर:

गिरणाकाठभाऊ, तुमचं दुःख समजतं. तरी माझा विरोध आहे, आणि तो त्या माणसाला नाही.

मी ज्या गावात राहतो तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिकवायचे. ते १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. वाचनाच्या जागेला शिक्षकाचं, लेखकाचं, कवीचं नाव असावं असं मला मनापासून वाटतं. त्या नावामुळे पोराला आत काय करायचं ते कळतं. शौर्याच्या जागा वेगळ्या असतात.

दुसरं, खान्देशात हुतात्मा म्हटलं की आधी नंदुरबार आठवतं. ९ सप्टेंबर १९४२. शिरीषकुमार मेहता आणि त्याच्याबरोबरची चार मुलं. ती पोलिसांच्याच गोळ्यांनी गेली. तेव्हाचे पोलीस इंग्रजांचे होते, आजचे आपले आहेत, हे मला कळतं. पण तुमच्या ठरावाच्या मसुद्यात 'शहीद' हा शब्द आहे असं ऐकलं, म्हणून बोलतो. या शब्दाची सरकारी व्याख्याच नाही. सैन्यदलांसाठी किंवा केंद्रीय पोलीस दलांसाठीही तो अधिकृतपणे वापरत नाहीत, असं केंद्र सरकारने संसदेत सांगितलेलं आहे. मग तो नगरपालिकेने का वाटावा? उद्या प्रत्येक प्रभागातून मागणी येईल आणि कोणाला नाही म्हणायचं हा प्रश्न पडेल.

तिसरं दुखणं मोठं आहे. १९८० च्या दशकात राज्यभर गावोगावी हुतात्मा स्मारकं बांधली. माझ्या शाळेतली मुलं घेऊन मी त्यातल्या एका ठिकाणी गेलो होतो. दाराला कुलूप, पायरीवर गाजर गवत, नावांच्या फळीवर पाखरांची घाण. मुलांनी विचारलं, "सर, हे कोण होते?" नावं वाचता येत नव्हती. मला त्या दिवशी मुलांसमोर मान वर करवली नाही. पाटी लावली म्हणजे आठवण राहते, हा विश्वास माझा तिथेच उडाला.

लाइनीतली:

मी पोलिसाची बायको आहे. अठरा वर्षं पोलीस लाइनीत, म्हणजे पोलिसांच्या क्वार्टरमध्ये काढली. माझाही विरोध, पण सरांपेक्षा वेगळा.

दादा, तो रस्त्यात उभा राहिला हे सगळे सांगतात. तो कसा उभा होता ते कोणी सांगत नाही. अंगात रेडियमचं जाकीट होतं का? बॅरिकेडवर लाल दिवा होता का? आदल्या दिवसाचा बंदोबस्त करून तो रात्रीला उभा होता का? साप्ताहिक सुट्टी किती आठवड्यांपूर्वी मिळाली होती? माझा नवराही नाकाबंदी करतो. घरातून निघताना मी त्याच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि बॅटरी घालते. बॅटरी आमच्या पैशाची असते.

पाटीचं उद्घाटन झालं की हार, फोटो, भाषण होतं. दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही की मुलाच्या अनुकंपा नोकरीच्या कागदाचं काय झालं, वहिनींनी क्वार्टर कधी सोडायची. नाव दिलं की आपण फेडलं असं लोकांना वाटतं. मला त्या वाटण्याची भीती वाटते.

सातपुडा:

मी पावरा आदिवासी आहे, धडगावकडचा. माझं मत नाव द्यावं असं आहे, आणि ते हवालदाराचंच द्यावं. साहेबांची नावं लागतात, हवालदाराचं नाव भिंतीवर सहसा दिसत नाही.

पोलीस आणि आम्ही, हे नातं खान्देशात जुनं आणि अवघड आहे. १८२५ साली इंग्रजांनी धरणगावला भिल्ल पलटण उभी केली ती भिल्लांनाच आवरायला. खाज्या नाईक सेंधवा घाटाची राखण करणारा, सरकारच्याच नोकरीतला माणूस. १८५७ च्या उठावात तोच सरकारवर उलटला आणि १८५८ च्या एप्रिलमध्ये आंबापाणीला लढला. आमच्या आजोबांच्या पिढीत खाकी दिसली की पोरं ज्वारीत लपायची. आता आमच्याच पाड्यावरची पोरं धुळ्याला मैदान द्यायला जातात. माझी धाकटी बहीण मागच्या भरतीला दोन मार्कांनी राहिली, यंदा पुन्हा पळते आहे.

सर, तुम्ही म्हणता वाचनाच्या जागेला लेखकाचं नाव हवं. आपल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव दिलं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. बोलण्यात अजून सगळे एनएमयूच, म्हणजे नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठच म्हणतात, हे खरं. पण माझ्या बहिणीच्या मार्कशीटवर असोद्याच्या शेतकरी बाईचं नाव छापलेलं आहे. ते बघून माझी आई, जिला सही येत नाही, तो कागद हातातून सोडत नव्हती. नाव कोणासाठी असतं, तर अशा माणसांसाठी.

चाळीसगावकर:

शब्दाबद्दल एवढंच. 'शहीद' काढा, 'कर्तव्यावर असताना वीरमरण' असं लिहा. २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ साली लडाखात हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या गोळीबारात १० पोलीस गेले, तेव्हापासून तो पाळतात. जिल्ह्याच्या मुख्यालयात परेड होते आणि त्या वर्षात गेलेल्यांची नावं वाचतात. त्या यादीत आपला माणूस असेल तर आणखी कोणता पुरावा हवा?

गिरणाकाठ:

सर, 'शहीद' शब्द मसुद्यातून काढायला लावतो. तुमचं तिथे बरोबर आहे. पण बाकी पटलं नाही. प्रत्येक प्रभागातून मागणी येईल म्हणता, तर येऊ द्या, प्रत्येक वेळी सभेत चर्चा करू. मागणी येईल या भीतीने जो गेला त्याला नाही म्हणणं मला जमणार नाही. आणि स्मारकाला कुलूप लागतं कारण तिथे रोज जायचं कोणाला काही कारण नसतं. अभ्यासिकेत पोरं रोज येणार, खुर्चीसाठी भांडणार. पाटीवर धूळ बसली तर तीच पुसतील. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना तुकाराम ओंबळेंनी कसाबची बंदूक धरून ठेवली. त्यांना अशोकचक्र मिळालं, चौपाटीवर स्मारक झालं, २०१९ मध्ये तर महाराष्ट्रात सापडलेल्या कोळ्याच्या नव्या जातीला त्यांचं नाव दिलं. मुंबईत घडलं म्हणून ते देशाला कळलं. आमच्या हायवेवर रात्री दोन वाजता कॅमेरा नव्हता. इथे आपणच लक्षात ठेवायचं आहे.

ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. जाकिटाचं मी कधी विचारलंच नव्हतं. काल त्याच्या वडिलांकडे गेलो. आप्पा ओट्यावर कापसाची वात करत बसले होते. नावाचं विचारलं तर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाव टाका, पन बक्कल नंबर बी टाका. ठाणामा त्याले बठ्ठा नंबरवरथीन वळखेत." म्हणजे पोलिसाच्या बिल्ल्यावरचा नंबर, ठाण्यात सगळे त्याला त्यावरूनच ओळखायचे. मग जाकिटाचं विचारलं. आप्पा आत गेले आणि त्याची बॅग घेऊन आले. आत रेडियमचं जाकीट होतं, बाजारातून विकत आणलेलं, किमतीची चिठ्ठी तशीच. पुढच्या आठवड्यापासून घालणार होता.

अमळनेरचा मास्तर:

बक्कल नंबरचं वाचून मी थांबलो. विरोध मागे घेत नाही, वाचनालयाला अजूनही मी दुसरं नाव सुचवेन. पण सभेत माझ्या बाजूने कोणी त्या माणसाला कमी लेखून बोललं, तर मी उठून त्याला खाली बसवेन. पाटी लागलीच, तर खाली दोन ओळींत तो पहाटे पाटावर काय करायचा तेही लिहा. नाहीतर दहा वर्षांनी मुलं पुन्हा विचारतील, हे कोण होते?

लाइनीतली:

दादा, ते जाकीट जपून ठेवा, धुऊ नका, कोणाला देऊ नका.

मी नावाच्या विरोधात होते. आता म्हणते, नाव द्या, पण त्याच सभेत आणखी एक ठराव घ्या. आपल्या हद्दीतल्या नाकाबंदीच्या जागी दिवे आणि पक्के बॅरिकेड नगरपालिकेने द्यावेत, आणि जाकिटांसाठी पोलीस अधीक्षकांना लेखी पत्र जावं. दोन्ही ठराव एकाच कागदावर हवेत, म्हणजे एक मंजूर करून दुसरा पुढच्या सभेवर ढकलता येणार नाही. सभेची तारीख कळवा. मी येते, लाइनीतल्या आणखी चौघी येतील. वहिनींना मी स्वतः विचारते, त्यांना यायचं असेल तर त्यांच्यासाठी गाडीची सोय तुम्ही करा.

गिरणाकाठ:

गाडी माझी. मसुदा आज रात्री नव्याने लिहायला घेतो. सर, त्या दोन ओळी तुम्हीच लिहून द्याल का?