रागाचे अनुभव लिहा, सूर्य मावळायच्या आत

सदरची_पोर:
रविवारी चर्चमधे बायबलातल्या इफिसकरांस 4:26 वर उपदेश झाला, रागवा पण पाप करू नका, तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये, आणि मला एकदम बाबांची सायकल आठवली. आजोबांच्या घराच्या वाटणीवरनं बाबा न् मोठे काका भर दुपारी 45 डिग्रीत अंगणात ओरडून राहायचे. काका निघून जायचे. साडेसहा झाले की बाबा सायकल काढून इंदोऱ्याला काकांकडे. सॉरी बिरी कोणीच म्हणत नव्हतं, काकू चहा द्यायची, दोघं बशीत ओतून प्यायचे, बाबा परत. वाटणीचं शेवटपर्यंत काही झालं नाही. मी मात्र चार चार दिवस फुगून बसते. तुमचं सांगा ना

संत्राबर्फी:
मे मधे आपल्या नागपूरकडे सूर्य पावणेसातला मावळते बाप्पा, भांडायला भरपूर टाइम 😄

मोठी_जाऊ:
मी तर चर्चमधे प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षरस घ्यायच्या, रांगेतून परत फिरली, धाकट्या जावेशी दोन महिने अबोला, कारण काय तर दळणाचा डबा, आणि पाळकसाहेबांनी नेमकं मत्तय 5 काढलं, अर्पण वेदीपाशी ठेव न् आधी भावाशी समेट कर, तर पार्किंगमधे येऊन तिला फोन लावला, ती म्हणे काऊन ताई, सगळं बरं आहे ना, तिला माहीतच नव्हतं मी रागावली म्हणून!! थांबा कुकर झाला

झणझणीत_तर्री:
येशूने पण मंदिरात सराफांचे चौरंग पालथे केले ना, मग आम्हीच काऊन गप्प बसायचं

रिटायर_मास्तर:
@तर्री केले, पण प्रार्थनेच्या घराचा बाजार मांडला म्हणून. लोक त्याच्या स्वतःच्या तोंडावर थुंकले तेव्हा त्याने ब्र नाही काढला. मी हाच फरक 31 वर्षं विसरलो, पोराने गृहपाठ नाही केला की वाटायचं माझाच अपमान. याकोब 1:19, ऐकायला तत्पर, बोलायला न् रागवायला सावकाश, फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचो, पोरं नेमकं तेच पुसायची. आपले कवी रेव्हरंड टिळक काय कमी तापट होते, त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलंय

एक_बाई:
माझं जरा वेगळं आहे. नवऱ्याचा मार खायची आणि सगळे सांगायचे, येशूने म्हटलंय तसं सत्तर वेळा सात माफ कर. मला राग येतो याचंच मला पाप वाटायचं. शेवटी पाळकांची बायको म्हणाली, माफ कर पण आधी बॅग भर. तिनेच स्तोत्र 13 वाचायला लावलं, त्यात दावीद देवालाच विचारतो तू मला कुठवर विसरणार. मग मी पण देवापाशीच ओरडली, मोठ्याने, दार लावून. आता माहेरी आहे

सदरची_पोर:
ताई 🙏 प्रार्थनेत आहात

संत्राबर्फी:
@मोठी_जाऊ दळणाच्या डब्याचं अर्धंच राहिलं

मोठी_जाऊ:
माझ्या गव्हाच्या डब्यात तिने ज्वारी दळून आणली होती. एवढंच

झणझणीत_तर्री:
सदरकडे कूलरची खस बदलून देणारा आहे का कोणी? आमचा उद्या येतो उद्या येतो करून चार दिवस झाले, रागावून झालं, आता फक्त पाप करायचं राहिलं