अफगाण कुटुंबाची कॅनडासाठी मेडिकल: एक्स-रे कोणाला, आणि खोकल्याचं काय?

कोंढवा_मदत:
कोंढव्यातल्या एका अफगाण कुटुंबाला कॅनडाच्या निर्वासित अर्जासाठी मेडिकलचं पत्र आलंय. वडील, पाच महिन्यांची गरोदर आई, १६ वर्षांची मुलगी आणि दोन मुलगे. धाकटा ४ वर्षांचा. मधल्याच्या तजकिऱ्यात (अफगाण ओळखपत्रात) नुसतं १३९४ साल आहे, पासपोर्टवर १ जानेवारी २०१५. वडिलांना मधुमेह आहे, शिवाय तीन आठवड्यांचा खोकला. जवळचे डॉक्टर एकेटी (टीबीची औषधं) सुरू करू म्हणतात. करावी का?

कागदपत्रवाला:
आधी तारीख. हिजरी शमसी (अफगाण सौर कॅलेंडरच्या) सालात ६२१ मिळवले की २०१५ येतं, मग कोणीतरी १ जानेवारी टाकून मोकळा होतो. पण १३९४ सुरूच झालं २१ मार्च २०१५ ला, म्हणजे पासपोर्टवर मुलगा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो! तपासण्या वयावर ठरतात: लघवी ५ वर्षांपासून, छातीचा एक्स-रे ११ पासून, एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त १५ पासून. ४ वर्षांच्याची फक्त अंगतपासणी. क्लिनिक पासपोर्टची तारीख धरतं, त्यामुळे काउंटरवर 'खरं वय' सांगत बसू नका. पत्र आणि पासपोर्ट यांत फरक असेल तर तो व्हिसा ऑफिसला आधी कळवा.

तपासणी फक्त पॅनेल फिजिशियनकडेच (कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरकडे) चालते. पुनर्वसनाच्या निर्वासितांचा खर्च कॅनडा सरकार उचलतं. अपॉइंटमेंट घेतानाच तसं सांगा, नाहीतर काउंटरवर पैसे मागतील. जो सदस्य आत्ता सोबत जाणार नाही त्याचीही तपासणी करून घ्या, नाहीतर नंतर त्याला बोलावताना तेच आडवं येतं.

क्षकिरण:
थुंकी दिल्याशिवाय एकेटी नको. औषध पोटात गेलं की कल्चरमध्ये (थुंकीतले जंतू वाढवून बघायच्या चाचणीत) जंतू वाढत नाहीत आणि निदान लटकतं. 'साध्या खोकल्यासाठी' दिलेल्या लेव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकनेही हेच होतं, ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पॅनेलला आजच फोन करून खोकल्याचं सांगा, मास्क लावून जा. मात्र रक्त पडत असेल किंवा धाप लागत असेल तर व्हिसाचं नंतर बघू, सरळ हॉस्पिटल गाठा.

एक्स-रेत काही दिसलं तर तीन दिवस सकाळचे थुंकीचे तीन नमुने देतात. उपाशीपोटी, चूळ भरून, खोल खोकून काढलेला बेडका हवा. लाळ दिली तर नमुना वाया. कल्चरला सहा ते आठ आठवडे लागतात. पूर्वी टीबी झाला असेल तर जुन्या फिल्म आणि औषधांचे कागद न्या. 'टीबी' म्हटल्यावर मान हलवणारे 'सिल' म्हटल्यावर लगेच ओळखतात (दारीत सिल, पश्तूत नरी रंज). म्हणून दुभाषा बाहेरचा घ्या, मुलीला बसवू नका. बापाचं दुखणं लेकीच्या तोंडून अर्धंच बाहेर येतं.

आईला दोन वाटा: पोटावर शिशाचा एप्रन घेऊन एक्स-रे, किंवा बाळंतपणानंतर. थांबलात तर फाइलही थांबते. बाळ झालं की त्याचं नाव अर्जात घालून त्याचीही तपासणी.

कोंढवा_मदत:
आणि मधुमेह?

कागदपत्रवाला:
त्यावरून नाकारत नाहीत. उपचारांचा भार जास्त पडेल हा निकष निर्वासितांना लागू नाही. लपवू मात्र नका, लघवीत साखर दिसणारच. औषधांची चिठ्ठी आणि एचबीएवनसीचा (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट सोबत असू द्या. मुलीची पाळी चालू असेल तर तारीख पुढे घ्या, लघवीत रक्त दिसलं की फेरी वाढते. लेडी डॉक्टर हवी असल्यास फोनवरच सांगा. रिपोर्ट तुमच्या हातात नाही, थेट ऑनलाइन जातो, आणि १२ महिने चालतो.